पक्षाघातानंतरचे पहिले शंभर दिवस

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्णाचा प्राण वाचला की उपचार संपले, असा समज समाजात आणि काही अंशी आरोग्य नियोजनातही दीर्घकाळ रूढ होता. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते आणि निवडक रुग्णांमध्ये गुठळी यंत्राने बाहेर काढण्याची मुदत २०१८ नंतर चोवीस तासांपर्यंत वाढली. परंतु रुग्ण पुन्हा चालेल का, स्वतःच्या हाताने जेवेल का, आपल्या माणसांशी बोलेल का, या प्रश्नांची उत्तरे बव्हंशी त्यापुढील तीन महिन्यांत ठरतात. २०२१ मध्ये जगात सुमारे १ कोटी १९ लाख व्यक्तींना नव्याने पक्षाघात झाला व सुमारे ७३ लाख मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी पक्षाघातातून वाचून जगत असलेल्यांची संख्या मात्र ९ कोटी ३० लाखांहून अधिक होती. पक्षाघात हा मृत्यूइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अपंगत्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा भाग उद्बोधक ठरतो. इंग्रजी अमदानीत ‘ट्रिप्लिकेन’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही वस्ती पार्थसारथी मंदिर, अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली वालाजाह मशीद आणि मरीना किनारा यांच्या सान्निध्यात दाटीवाटीने वसलेली आहे. तातडीच्या उपचारांच्या दृष्टीने ती सुदैवी म्हणावी लागेल. लगतच्या ओमंदुरार शासकीय वसाहतीत विधानसभेसाठी बांधलेल्या व २०१० मध्ये उद्घाटन झालेल्या इमारतीचे पुढे रुग्णालयात रूपांतर करण्यात आले. २०१४ पासून तेथे राज्य शासनाचे अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू झाले. १६६४ मध्ये स्थापन झालेले व आज राजीव गांधी यांच्या नावाने ओळखले जाणारे शासकीय सर्वसाधारण रुग्णालयही फार दूर नाही. २००८ मध्ये राज्यात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहेच. देशातील असंख्य खेड्यांना जे स्वप्नवत वाटावे ते येथे हाकेच्या अंतरावर आहे.

अडचण सुरू होते ती रुग्णालयातून घरी परतताना. अरुंद गल्ल्या, उंच उंबरठे, अंधारे व चढणीचे जिने आणि सामाईक शौचालये अशा जुन्या घरांत अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला प्रत्येक पायरी परकी होते. त्यातच या भागाचे एक वैशिष्ट्य म्हणजे येथील ‘मॅन्शन’. राज्याच्या इतर जिल्ह्यांतून नोकरी, शिक्षण वा परीक्षेच्या तयारीसाठी आलेले एकटे पुरुष एकेका खोलीत भाड्याने राहतात, अशा या बहुमजली इमारती. पक्षाघातानंतरची शुश्रूषा कुटुंब करील, हे गृहीतक तिथे लागूच पडत नाही.

मेंदू सावरतो कसा

पक्षाघाताच्या बहुसंख्य प्रकरणांत मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे खंडित होतो, तर उर्वरित प्रकरणांत रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. ज्या पेशी मृत झाल्या त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. तरीही रुग्ण सुधारतो, याची कारणे वेगवेगळी आहेत. मृत भागाभोवतालची सूज पहिल्या काही दिवसांत ओसरते. दुखापतीपासून दूर असलेले, पण तिच्याशी चेतातंतूंनी जोडलेले भागही काही काळ स्तब्ध होतात व हळूहळू जागे होतात. या घटनेचे वर्णन चेतावैज्ञानिक कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव यांनी १९१४ मध्येच केले होते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे मेंदूची परिवर्तनक्षमता, जिला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. शिल्लक राहिलेल्या पेशी नवे जोड निर्माण करतात आणि हरवलेल्या कामाचा काही भार उचलतात.

हे नवे जोड आपोआप उपयुक्त होत नाहीत. ज्या हालचालीचा सराव होतो, तिचे मार्ग बळकट होतात. जी हालचाल टाळली जाते, तिचे मार्ग क्षीण होतात. लुळ्या हाताकडून काम होत नाही म्हणून रुग्ण सर्व कामे चांगल्या हाताने करू लागतो. काही आठवड्यांनी लुळ्या हातात थोडी शक्ती परतली तरी तो वापरण्याची सवयच मोडलेली असते. वैद्यकशास्त्रात याला ‘शिकलेली अनुपयोगिता’ म्हणतात. घरातील मंडळी प्रेमापोटी रुग्णाला भरवितात, कपडे घालतात, पाण्याचा पेलाही ओठांपाशी नेतात. ही माया अनेकदा या अनुपयोगितेत भरच घालते.

लवकर म्हणजे नेमके केव्हा?

अंथरुणाला खिळून राहिल्याने न्यूमोनिया, पायांतील रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण आणि स्नायूंचा ऱ्हास हे धोके संभवतात. म्हणून रुग्णाला शक्य तितक्या लवकर उठवावे, असा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस बळावला. तो तर्कसंगत होता. मग जितके लवकर व जितके अधिक तितके चांगले, असेही मानले जाऊ लागले. या गृहीतकाची कसोटी ‘अ‍ॅव्हर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत लागली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, सिंगापूर व मलेशिया या पाच देशांतील ५६ पक्षाघात कक्षांत २,१०४ रुग्णांवर ती घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातील रुग्णांना चोवीस तासांच्या आत उठवून दररोज वारंवार उभे केले गेले व चालविले गेले. दुसऱ्या गटाला त्या कक्षांतील नेहमीची सेवा मिळाली. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातील ४६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५० टक्के रुग्णांची स्थिती समाधानकारक होती. अधिक मेहनत घेतलेला गट मागे पडला.

या निष्कर्षाचा विपर्यास होऊ नये. नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील रुग्णही अंथरुणात पडून नव्हते. त्यांनाही सरासरी बावीस-तेवीस तासांत उठविण्यात आले होते. फरक प्रामुख्याने मात्रेचा होता. एका गटाला दिवसाकाठी सुमारे ३१ मिनिटे, तर दुसऱ्याला सुमारे १० मिनिटे अंथरुणाबाहेरचा व्यायाम मिळाला. पुढील विश्लेषणात असे दिसून आले की, थोडा थोडा वेळ पण दिवसातून अनेकदा उठविणे लाभदायक ठरते, तर एकाच वेळी दीर्घकाळ उभे करणे अपायकारक ठरू शकते. पहिल्या दिवशी मेंदूतील रक्तप्रवाह नाजूक अवस्थेत असतो आणि उभे राहिल्यावर रक्तदाब घसरल्यास धोक्यात असलेल्या पेशींना त्याची झळ पोहोचू शकते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. झटक्याच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला दोन्ही काखांत धरून बोळातून चालविणारे उत्साही नातेवाईक आणि महिनाभर ‘संपूर्ण विश्रांती’चा सल्ला देणारे हितचिंतक, दोघेही सारखेच चुकतात.

पहिल्या तीन दिवसांत ज्या गोष्टींमुळे खरोखर फरक पडतो त्या अगदी साध्या आहेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९ पक्षाघात कक्षांपैकी काही कक्षांमध्ये परिचारिकांना तीन बाबींचे काटेकोर प्रशिक्षण देण्यात आले : ताप उतरविणे, रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे आणि तोंडाने काहीही देण्यापूर्वी रुग्णाला नीट गिळता येते की नाही हे तपासणे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नव्वद दिवसांनंतर मृत वा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण इतर कक्षांत ५८ टक्के, तर या कक्षांत ४२ टक्के होते. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. आपल्याकडे झटका आलेल्या माणसाच्या तोंडात प्रथम पाणी किंवा चहा घालण्याची जी प्रथा आहे, तिच्या पार्श्वभूमीवर तिसऱ्या बाबीचे महत्त्व विशेष आहे. गिळण्याचे स्नायू दुर्बल झाले असतील तर तोच घोट श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनियाला निमंत्रण मिळते.

रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, लुळ्या हाताखाली उशी कशी द्यावी, हेही याच दिवसांत शिकवावे लागते. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधारावर टिकून असतो. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनाने तो खाली निसटू लागतो. अशा वेळी हात धरून रुग्णाला ओढून उठविले, तर खांद्याची चिवट वेदना मागे लागते आणि त्या वेदनेपायी पुढचा सगळा व्यायाम अडतो. तेलाने हलके चोळण्याने रुग्णाला बरे वाटू शकते. मात्र लुळा सांधा जोराने ताणणाऱ्या मालिशीने, किंवा कबुतराच्या रक्तासारख्या अंधश्रद्ध उपायांत आठवडे घालविल्याने, मोलाचा काळ हातचा जातो.

हाताचे भविष्य

पाय तुलनेने लवकर साथ देतो, हात मात्र रेंगाळतो. चालण्यासाठी पायाचे स्थूल बळ बऱ्याच अंशी पुरते. बटण लावण्यासाठी प्रत्येक बोट स्वतंत्रपणे हलावे लागते. नेदरलँड्समधील २०१० च्या एका अभ्यासाने या बाबतीत उपयुक्त निकष पुरविला. झटक्यानंतर ७२ तासांच्या आत रुग्णाला बोटे थोडीशी सरळ करता आली व खांदा बाजूला थोडासा उचलता आला, तर सहा महिन्यांत हाताचे काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के असते. दोन्ही जमले नाही, तर ती सुमारे २५ टक्क्यांवर येते. दोन मिनिटांच्या या तपासणीला यंत्र लागत नाही. बोटे मिटणे नव्हे, तर उघडणे हे सुधारणेचे लक्षण आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. घरोघरी रुग्णाच्या हातात दाबण्यासाठी मऊ चेंडू दिला जातो. त्याने मूठ मिटणाऱ्या स्नायूंनाच सराव मिळतो आणि तेच स्नायू पक्षाघातानंतर ताठर होण्याकडे झुकलेले असतात. पेला पकडून सोडणे, टॉवेल टेबलावर पुढे सरकविणे, कुलपात किल्ली फिरविणे अशी अर्थपूर्ण कामे अधिक उपकारक ठरतात.

व्यवसायोपचार ही शाखा नेमके हेच शिकविते. भारतात तिचा पाया मुंबईत घातला गेला. मूळच्या अमेरिकन, विवाहानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. मुंबईतच हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने १९६६ मध्ये पुनर्वसन संस्था उभारली. तिच्यामागे डॉ. मेरी वर्गीस यांची प्रेरणा होती. १९५४ मधील मोटार अपघातात कमरेखालील शक्ती गमावल्यावर त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या आणि मग पुनर्वसन वैद्यकाचे शिक्षण घेतले. याच महाविद्यालयाने चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेसह अलीकडे ‘प्लूटो’ हे हाताच्या व्यायामाचे सुटसुटीत यंत्र विकसित केले आहे.

सर्वाधिक ग्रहणक्षम काळ

व्यायामाची जादा मात्रा केव्हा द्यावी, या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक लहान पण महत्त्वाचा अमेरिकी अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ रुग्णांपैकी तीन गटांना नेहमीच्या उपचारांव्यतिरिक्त हाताचे वीस तासांचे प्रशिक्षण देण्यात आले : एका गटाला पहिल्या महिन्यात, दुसऱ्याला दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, तिसऱ्याला सहा महिन्यांनंतर. चौथ्या गटाला जादा प्रशिक्षण नव्हते. वर्षअखेर सर्वाधिक लाभ दोन ते तीन महिन्यांच्या गटात दिसला, पहिल्या महिन्याच्या गटात त्याहून कमी, तर सहा महिन्यांनंतर सुरुवात केलेल्या गटात उल्लेखनीय लाभ आढळला नाही. रुग्णसंख्या लहान असल्याने हा शेवटचा शब्द मानता येणार नाही, आणि सहा महिन्यांनंतर सुधारणा अशक्य असते असाही त्याचा अर्थ नव्हे. २००६ मधील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत चांगला हात बांधून लुळ्या हाताकडून काम करवून घेतल्यावर तीन ते नऊ महिन्यांपूर्वी झटका आलेल्या रुग्णांतही सुधारणा झाली होती. पण या दोहोंतून एक बाब पुढे येते. मेंदू सर्वाधिक शिकण्यास तयार असतो तेव्हा रुग्ण रुग्णालयात नसतो, घरी असतो.

आणि घरीच व्यवस्था सर्वांत दुबळी आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रारंभ झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांचे संरक्षण देते. रुग्णालयातील मुक्काम हा तिचा केंद्रबिंदू असून, घरी सोडल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपर्यंत तिच्या कक्षेत येतो. पंधरा दिवस आणि नव्वद दिवस यांतील अंतर कुटुंबाला स्वतःच्या खिशातून भरून काढावे लागते. चेन्नईच्या के. के. नगर भागात शासकीय पुनर्वसन वैद्यक संस्था आहे. परंतु तिरुवल्लिकेणीतील दुसऱ्या मजल्यावरून रुग्णाला उचलून खाली आणणे, रिक्षा करणे आणि त्यासाठी घरातील एका कमावत्या माणसाचा रोज बुडविणे, हे आठवड्यातून तीनदा कितीजणांना शक्य होईल?

कुटुंब पुरेसे आहे काय

कुटुंबालाच प्रशिक्षण द्यावे, हा पर्याय स्वाभाविकपणे सुचतो. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ या चाचणीद्वारे त्याचा पडताळा घेण्यात आला. रुग्णालयातच नातेवाइकांना व्यायाम, अंगस्थिती व दैनंदिन कामे शिकविण्यात आली आणि पुढे घरी भेटी देण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता. सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के भरले. कुटुंबाची सेवा निरुपयोगी आहे, असे यावरून म्हणता येणार नाही. भारतीय कुटुंबे प्रशिक्षणाविनाही बरेच काही करीत असतात, हे एक कारण असू शकते. पण प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञांची उणीव नातेवाइकांच्या खांद्यावर टाकून भरून निघेल, ही नियोजनकर्त्यांना सोयीची वाटणारी कल्पना या चाचणीत टिकली नाही. ज्यांना कुटुंबच जवळ नाही, त्या मॅन्शनमधील रहिवाशांचा तर विचारही तीत अभिप्रेत नव्हता.

या संदर्भात तामिळनाडू शासनाने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातून सुरू केलेली ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’ म्हणजे ‘लोकांच्या दारी वैद्यकसेवा’ ही योजना अभ्यासण्याजोगी आहे. रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देणे हे तिचे प्रमुख अंग. त्याबरोबरच घरी जाऊन भौतिकोपचार व वेदनाशामक शुश्रूषा पुरविण्याची तरतूद तीत करण्यात आली. पक्षाघाताच्या रुग्णाला या दोन्हींची गरज असते, कारण रक्तदाब अनियंत्रित राहिल्यास दुसरा झटका कमावलेले सारे हिरावून नेतो. २०२४ मध्ये असंसर्गजन्य रोगांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृती दलाचा पुरस्कार या योजनेला मिळाला. घरभेटी किती वारंवार होतात, यावरच पक्षाघाताच्या रुग्णाला होणारा तिचा लाभ अवलंबून राहील. महिन्यातून एखादी भेट धीर देते, सराव घडवीत नाही.

वाणी आणि बुद्धी

मेंदूच्या डाव्या भागातील पक्षाघाताने अनेकदा भाषाच हरपते. याला वाचाघात म्हणतात. शब्द सुचत नाहीत, कधी ऐकलेले उमगत नाही. काही रुग्णांत भाषा शाबूत राहते, पण जीभ-ओठांच्या दुर्बलतेमुळे उच्चार अस्पष्ट होतात. दोन्ही प्रसंगी ‘डोक्यावर परिणाम झाला’ असा निष्कर्ष काढून घरचे लोक रुग्णाला निर्णयांतून वगळतात. तिरुवल्लिकेणीच्या पूर्वेस मरीना किनाऱ्यावर ज्यांचे स्मारक आहे, त्या एम. जी. रामचंद्रन यांचे उदाहरण येथे बोलके आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये मुख्यमंत्रिपदी असताना गंभीर आजारातच त्यांना पक्षाघात झाला. उपचारांसाठी त्यांना न्यूयॉर्कला हलविण्यात आले. तेथे असतानाच ते डिसेंबरच्या निवडणुकीत विजयी झाले आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांनी पुन्हा शपथ घेतली. वाणीवरील परिणाम शेवटपर्यंत राहिला, तरीही डिसेंबर १९८७ मध्ये निधन होईपर्यंत ते पदावर होते.

तमिळ, उर्दू आणि तेलुगू एकाच गल्लीत कानी पडणाऱ्या या वस्तीसाठी हैदराबादच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष उद्बोधक आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६०८ रुग्णांची पाहणी करण्यात आली. पक्षाघातानंतर बोधनक्षमता अबाधित राहिलेल्यांचे प्रमाण एकभाषिकांत सुमारे २० टक्के, तर द्विभाषिकांत सुमारे ४० टक्के आढळले. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. वाचोपचार रुग्णाच्या भाषेतच व्हावे लागतात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेसारख्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या तज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने तोकडी आहे. नैराश्याकडेही याच टप्प्यावर लक्ष पुरवावे लागते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना ते ग्रासते आणि ‘आळस’ म्हणून त्याची बोळवण होते.

कायद्याची चौकट

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते एकवीसवर नेले. वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख झाला, ही पक्षाघाताच्या रुग्णांसाठी महत्त्वाची भर होय. प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र एक विसंगती दिसते. २००१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी चेताविकारांतील अपंगत्वाचे मूल्यमापन विकार जडल्यानंतर सहा महिन्यांनी करावे, असे ठरविले होते. तोवर स्थिती बदलत असते, म्हणून वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच. पण सवलतींचे दार ज्या सुमारास उघडते, त्या सुमारास शिकण्याचा उत्तम काळ सरलेला असतो.

केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याचा भर प्रतिबंध व लवकर निदानावर राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘पुनर्वसन २०३०’ हे आवाहन केले आणि मे २०२३ च्या जागतिक आरोग्य सभेने आरोग्यव्यवस्थेत पुनर्वसनाला बळकटी देण्याचा ठराव संमत केला. भौतिकोपचार व व्यवसायोपचार या व्यवसायांना राष्ट्रीय पातळीवर नियमनाची चौकट देणारा सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला. त्याखालील राज्य परिषदा व नोंदवह्या पूर्ण झाल्यावरच कोणत्या जिल्ह्यात किती प्रशिक्षित हात उपलब्ध आहेत, याचा हिशेब मांडता येईल आणि घरभेटींसाठी पदे मंजूर करताना अंदाजाऐवजी आकड्यांचा आधार घेता येईल.